कचारगडचा मेळा : एका चर्चास्थानाचा समाज होण्याचा इतिहास

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकास, जेथे मुंबई-हावडा लोहमार्ग महाराष्ट्राची सीमा ओलांडून छत्तीसगडात शिरतो, तेथे सालेकसा तालुक्यातील दरेकसा हे लहानसे स्थानक आहे. त्याच्या परिसरातील धनेगाव या गावाजवळच्या अरण्यात कचारगडची प्रशस्त नैसर्गिक गुहा आहे. दरवर्षी माघ पौर्णिमेच्या सुमारास या आडरानात मोठा मेळा भरतो आणि महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा इत्यादी राज्यांतील गोंड समाजाची लक्षावधी माणसे तेथे जमतात. ही गुहा आशिया खंडात सर्वांत मोठी असल्याचे स्थानिक अभिमानाने सांगितले जाते. त्या विधानाची शहानिशा भूगर्भशास्त्रज्ञांनी करावी; इतिहासाच्या अभ्यासकाचे कुतूहल गुहेच्या आकारापेक्षा तिच्यासमोर जमणाऱ्या समुदायाच्या आकाराविषयी अधिक असावयास हवे. कारण आजच्या स्वरूपातील हा मेळा प्राचीन नाही. १९८०च्या दशकात, हा सारा प्रदेश अद्याप भंडारा जिल्ह्यात मोडत असताना, मोजक्या सुशिक्षित गोंड कार्यकर्त्यांनी तो सुरू केला. (गोंदिया जिल्हा स्वतंत्र झाला तो १ मे १९९९ रोजी.) बोटांवर मोजता येतील अशा माणसांच्या विचारविनिमयातून अवघ्या एका पिढीत एवढा मोठा समाज उभा राहावा, ही घटना सामान्य नव्हे.

चर्चेसाठी माणसे एकत्र येणे आणि त्यांचा समाज होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मराठीच्या इतिहासातच याचे बोलके उदाहरण आहे. न्या. रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. दुसरी भरावयास १८८५ साल उजाडले आणि तिसरी सातारा येथे १९०५ साली, म्हणजे तब्बल वीस वर्षांनंतर भरली. विषय होते, विद्वान होते, सभेचे प्रयोजनही सर्वांस पटलेले होते. जे नव्हते ते असे की, सभेस येणाऱ्या दोन अपरिचितांचा परस्परांशी काय संबंध, याचे उत्तर सभेपाशी नव्हते. १८८५च्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्र लिहून नाकारले, त्याच्या मुळाशीही हाच प्रश्न होता. उलट, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीच्या पालखी सोहळ्याची जी घडी घालून दिली, तीत तिथी, वाट आणि प्रत्येक दिंडीचे स्थान ठरलेले होते; म्हणून ती घडी टिकली. कचारगडचा मेळा या दुसऱ्या जातीचा आहे, तथापि त्याच्या पोटात पहिल्या जातीची सभाही नांदते. त्याच्या यशाचे मर्म या संयोगात शोधावे लागते.

हा मेळा सुरू होण्यापूर्वी विखुरलेल्या गोंड समाजाला जोडणारी व्यवस्था नव्हतीच, असे मात्र समजू नये. ती व्यवस्था परधानांची होती. परधान हा गोंड यजमानांचा भाट, वंशावळींचा रक्षक आणि देवकथांचा गायक. ठराविक काळाने तो आपल्या यजमानांच्या घरोघर जाई, वाद्याच्या साथीने कुळाची कथा गाई आणि एका गावची वार्ता दुसऱ्या गावी पोहोचवी. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर शामराव हिवाळे यांनी १९४६ साली लिहिलेला ग्रंथ या संस्थेची थोरवी आणि तिला लागलेली उतरती कळा या दोहोंचा साक्षेपी आलेख आहे. यजमान निर्धन झाले, जमीनदाऱ्या गेल्या, शाळा व कचेऱ्या यांची भाषा वेगळी झाली आणि परधानाचे फेरे विरळ होत गेले. समाजाची स्मृती ज्याच्या कंठात होती, तोच येईनासा झाल्यावर गावोगावचे गोंड एकमेकांस दुरावणे क्रमप्राप्त होते.

स्मृतीचा काही अंश मात्र कागदावर उतरला होता. नागपूर येथील स्कॉटिश मिशनचे रेव्ह. स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून लिंगोचे दीर्घ गीत उतरवून घेतले होते. १८६३ साली हिस्लॉप बुडून मरण पावले आणि त्यांचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले. त्या गीतात महादेव गोंडांना धवलगिरीच्या गुहेत कोंडतो. त्यांतून निसटलेले चौघे ‘काचीकोपा लाहूगड’ नामक स्थळी आश्रय घेतात आणि तेथे त्यांची लिंगोशी गाठ पडते. आज कचारगड येथे सांगितली जाणारी कथा निराळ्या वळणाची आहे. तीत कली कंकालीची तेहतीस मुले याच गुहेत कोंडली जातात, जंगो रायताड त्यांच्या सुटकेसाठी झटते, पारी कुपार लिंगोच्या योजनेने हिरासुका पाटालीर हा वादक किंगरीच्या सुरावर गुहेच्या तोंडावरील शिळा हलवितो आणि त्याच शिळेखाली प्राण सोडतो. जुन्या गीतातील दोन स्थळे, कोंडले जाण्याचे आणि आश्रयाचे, नव्या कथेत एकरूप झालेली दिसतात.

कथेतील हा पालट पाहून ती ‘बनावट’ ठरविण्याचा मोह काही अभ्यासकांना होतो. तो आवरलेला बरा. मौखिक परंपरेत स्थळे नेहमीच सरकत आली आहेत; पुराणांतील किती तीर्थांची स्थाने निर्विवाद आहेत, हा प्रश्न त्याच अभ्यासकांनी स्वतःस विचारून पाहावा. महत्त्वाची गोष्ट ही की, ज्या कथेत समाज कोंडला गेला आणि मुक्त झाला, त्या कथेला नकाशावर बोट ठेवून दाखविता येईल असे स्थान मिळाले. एकत्र कोठे यावयाचे, या प्रश्नावर मग वाद उरला नाही. शिवाय हे स्थान सोयीचेही होते. मध्य प्रांताच्या जुन्या भूगोलात भंडारा, बालाघाट, दुर्ग आणि चांदा येथील गोंडवस्ती याच टापूभोवती पसरलेली होती आणि लोहमार्ग जवळून जात होता. देवस्थानाच्या इतिहासात रेल्वे स्थानकाचा उल्लेख काहींना खटकेल. परंतु मेळ्याच्या इतिहासात तो टाळता येत नाही.

या पुनरुज्जीवनामागील माणसे कोण होती? त्यांतील प्रमुख नाव मोतीरावण कंगाली यांचे. नागपूर जिल्ह्यात १९४९ साली जन्मलेले कंगाली नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत नोकरीस होते आणि नोकरी सांभाळून त्यांनी गोंडी भाषा, व्याकरण, देवस्थाने व धर्मविचार यांवर विपुल लेखन केले. ‘पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन’ हा त्यांचा ग्रंथ या चळवळीचा आधारग्रंथ ठरला. २०१५ साली ते निवर्तले. दुसरे नाव सुन्हेरसिंह ताराम यांचे. ‘गोंडवाना दर्शन’ हे हिंदी मासिक त्यांनी अनेक वर्षे, अपुऱ्या साधनांनिशी, चालविले. २०१८ साली त्यांचे निधन झाले. के. बी. मरस्कोल्हे आदी कार्यकर्ते यांच्या जोडीला होते. स्वातंत्र्योत्तर काळात शिक्षण आणि राखीव जागा यांमुळे बँका, टपाल, रेल्वे, शाळा व कारखाने यांत शिरलेल्या पहिल्या पिढीचे हे प्रतिनिधी होत. गाव सुटले होते, शहरात आपले म्हणावे असे कोणी नव्हते आणि वरिष्ठ समाज ज्या नावाने ओळखी ते नाव बहुधा अवहेलनेचे होते. अशा स्थितीत परस्परांस शोधणे ही त्यांची मानसिक गरज होती, केवळ वैचारिक हौस नव्हे.

मासिक आणि मेळा यांचे कार्य परस्परपूरक राहिले. मासिकात धर्म, भाषा, इतिहास व राजकीय हक्क यांवरील वाद बारमास चालू राहत. मेळ्यात त्याच वादांचे पक्षकार समोरासमोर येत. मासिकात ज्याचा लेख वाचला, त्याच्या पंक्तीस बसून जेवण्याचा प्रसंग वर्षातून एकदा येतो, ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. परंतु छापील वादाला जी एक मर्यादा आपोआप पडते, ती यामुळेच. ज्याच्याशी पुन्हा भेट निश्चित आहे, त्याच्याशी भांडण तोडण्याच्या थरास सहसा नेले जात नाही. यात्रेच्या दिवसांत गुहेच्या पायथ्याशी पूजा, मिरवणूक व नृत्य यांच्याबरोबरच अधिवेशने भरतात, भाषणे होतात आणि पुस्तके, दिनदर्शिका व ध्वज यांची विक्री होते. पुस्तकांच्या या बाजाराकडे विद्यापीठीय अभ्यासकांचे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. हिंदी आणि मराठीत छापलेल्या त्या लहान लहान पुस्तिकांतून समाजाचा एक पर्यायी ग्रंथसंग्रह तयार होत आला आहे.

तरीही मेळ्याच्या वाढीचे खरे कारण याहून खोल आहे. गोंड समाजात प्रत्येक कुळ चार, पाच, सहा वा सात देवांच्या गटात मोडते आणि समान देवसंख्येच्या कुळांत विवाहसंबंध होत नाहीत. बारा सगा आणि साडेसातशे गोत्रे अशी ही व्यवस्था लिंगोने घालून दिली, अशी श्रद्धा आहे. ‘७५०’ हा आकडा त्यामुळे आज समाजाचे बोधचिन्हच बनला आहे. या व्यवस्थेचा व्यावहारिक परिणाम असा की, अदिलाबादचा गोंड आणि बालाघाटचा गोंड प्रथमच भेटले, तरी ‘किती देव?’ आणि ‘गोत्र कोणते?’ एवढ्या दोन प्रश्नांत त्यांचे नाते ठरते. एक तर ते भाऊबंद, नाही तर सोयरे. अपरिचित असा तिसरा वर्गच उरत नाही. पुण्याच्या ग्रंथकार सभेला जे साधले नाही, ते येथे सभेने निर्माण करावयाचे नव्हतेच. ते आधीच होते, केवळ वापरात नव्हते. परधानाच्या स्मृतीत राहिलेले हे नात्यांचे जाळे कंगाली प्रभृतींनी कोष्टकांच्या रूपाने छापले, ते घरोघर गेले आणि ज्यांना आपली देवसंख्या विस्मृत झाली होती त्यांनी वडीलधाऱ्यांना विचारून ती शोधून काढली. नवागताला मेळ्यात प्रवेश करण्यासाठी विद्वत्ता लागत नव्हती, गोंडी भाषाही लागत नव्हती. आपले गोत्र ठाऊक असणे पुरेसे होते. ‘जय सेवा’ या अभिवादनाने उरलेले काम केले.

अर्थात नात्यावर उभ्या राहिलेल्या समाजाला नात्याच्या मर्यादाही पडतात. स्वतः परधान, ज्यांनी ही परंपरा जपली, त्यांचे यजमानांच्या बरोबरीचे स्थान अनेक ठिकाणी दीर्घकाळ वादाचे राहिले. परंपरेने गायकाला मान दिला, पण पंक्ती दिली नाही, हा अंतर्विरोध नव्या चळवळीच्या वाट्यासही आला.

मेळ्यात चर्चिले गेलेले प्रश्न मिटले काय, असे विचारल्यास उत्तर बव्हंशी नकारार्थी द्यावे लागते. गोंडी पुनेम हा स्वतंत्र धर्म की हिंदू धर्माचाच एक प्रवाह, यावर मतभेद आहेत. राजकीय संघटनेच्या मार्गाविषयीही आहेत. १९९१ साली हिरासिंह मरकाम यांच्या नेतृत्वाखाली गोंडवाना गणतंत्र पक्ष स्थापन झाला, त्यात पुढे फाटाफूट झाली आणि मेळ्यास येणाऱ्या सर्वांनी तो पक्ष कधीच आपला मानला नाही. इतिहासलेखनाच्या बाबतीत कंगाली यांनी सिंधू लिपीचे गोंडीच्या आधारे वाचन केल्याचा दावा मांडला. भाषाशास्त्राच्या कसोट्यांवर तो दावा मान्य होण्याजोगा नाही. सिंधू लिपीचे कोणतेही वाचन आजवर सर्वमान्य झालेले नाही आणि एका आधुनिक बोलीचे शब्द सहस्रावधी वर्षे मागे नेऊन चिन्हांवर बसविणे ही पद्धत मुळातच सदोष आहे. परंतु या दाव्याचे समाजातील कार्य वेगळे होते. ज्यांना इतिहास नाही असे सांगण्यात आले, त्यांनी इतिहासाच्या अगदी आरंभावरच हक्क सांगितला. सिद्धांत म्हणून जे दुबळे, तेच मेळ्यात बळ देणारे ठरावे, हे अभ्यासकाला अडचणीचे आहे खरे. पण नोंदविले पाहिजे. मेळ्याने या प्रश्नांवर एकमताची अट घातली नाही. मते पुढील पौर्णिमेपर्यंत तशीच ठेवण्याची मुभा होती.

एक प्रश्न मात्र असा मुभेवर सोडता येण्याजोगा नव्हता, तो भाषेचा. या मेळ्याची चर्चा प्रायः हिंदीत आणि काही प्रमाणात मराठीत चालत आली. ‘गोंडवाना दर्शन’ हिंदीत निघे. कंगाली यांचे बहुतेक ग्रंथ हिंदीत आहेत. गोंडी अस्मितेचे व्यासपीठ गोंडीत बोलत नाही, यात कार्यकर्त्यांची उदासीनता पाहणे अन्यायाचे होईल. कारण भाषिक आहे. गोंडी ही द्राविडी कुलातील भाषा असून ती सलग प्रदेशात बोलली जात नाही. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६ सालच्या चौथ्या खंडातच तिच्या बोलींचे वैविध्य दिसून आले होते. बरो व भट्टाचार्य यांनी १९६० साली गोंडी बोलींचा तौलनिक शब्दसंग्रह प्रसिद्ध केला आणि पुढे भद्रिराजू कृष्णमूर्ती यांनी त्यांतील एका ध्वनिपरिवर्तनाचे विश्लेषण केले. पश्चिमेकडील व उत्तरेकडील बोलींत शब्दारंभीचा ‘स’ टिकून आहे; दक्षिणेकडे सरकत जाता त्याचा ‘ह’ होतो आणि त्याहीपुढे तो लोप पावतो. मिठाला एकीकडे ‘सोवर’, दुसरीकडे ‘होवर’ आणि तिसरीकडे ‘ओवर’ म्हणतात. एकच ध्वनी असता तर कान सरावले असते. परंतु व्याकरण व शब्दसंग्रह यांतही तफावत आहे आणि हिंदी, मराठी, तेलुगू यांच्या दीर्घ शेजाराने ती वाढविली आहे. बैतूल आणि अदिलाबाद येथील दोघे गोंडीभाषक कचारगडला भेटले, तर नाते दोन प्रश्नांत ठरते, पण संभाषण मात्र लवकरच हिंदीकडे वळते. शिवाय पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यातील व नागपूरकडील पुष्कळ गोंड कुटुंबांची घरची भाषा कित्येक पिढ्यांपासून मराठी वा हिंदी झालेली आहे.

गोंडीला लेखनात व शिक्षणात आणण्याचे प्रयत्न याआधीही झाले होते. निजामाच्या राजवटीत फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने अदिलाबाद जिल्ह्यातील मारलवाई येथे १९४३ साली गोंड शिक्षकांचे केंद्र निघाले आणि देवनागरी लिपीत गोंडी वाचनमाला तयार झाली. सेतुमाधवराव पगडी यांनीही त्या काळी गोंडीचा आस्थेने अभ्यास केला. हैदराबाद संस्थान लयास गेल्यावर तो उपक्रम ओसरला. राजाश्रयाने उभे राहिलेले राजाश्रयाबरोबर गेले, एवढेच म्हणून तो विषय सोडता येईल. परंतु त्या वाचनमालेची लिपी देवनागरी होती, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी, कारण लिपीचा प्रश्न पुढे फार नाजूक झाला.

बालाघाटकडील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी एक स्वतंत्र लिपी रचली होती. दुसरीकडे, अदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा या गावी एका वेगळ्याच लिपीतील जुनी हस्तलिखिते २००६ साली अभ्यासकांच्या दृष्टीस पडली आणि हैदराबाद विद्यापीठातील विद्वानांनी तिचा पाठपुरावा केला. युनिकोड या जागतिक संगणकीय वर्णसंहितेत मसराम लिपीला २०१७ साली आणि गुंजाळा लिपीला २०१८ साली स्थान मिळाले. अशा प्रकारे एका भाषेला लागोपाठच्या दोन वर्षांत दोन लिप्यांची अधिकृत मान्यता लाभली, आणि तरीही बहुसंख्य गोंडीभाषक लिहावयाचे झाल्यास देवनागरी किंवा तेलुगू लिपीच वापरतात. प्रमाण शब्दांसाठीही खटपट झाली. शुभ्रांशु चौधरी यांच्या ‘सीजीनेट स्वरा’ या संस्थेच्या पुढाकाराने २०१४ पासून वेगवेगळ्या राज्यांतील गोंडीभाषकांच्या कार्यशाळा भरल्या आणि त्यांतून सुमारे ३,००० शब्दांचा प्रमाण गोंडी कोश २०१८ साली हंपीच्या कन्नड विश्वविद्यापीठाने प्रकाशित केला. सोवर, होवर, ओवर यांसारख्या पर्यायांपुढे प्रमाणीकरणाच्या कोणत्याही उपक्रमास जपून पाऊल टाकावे लागते. एक रूप निवडावे, तर उरलेल्या बोलींचे लोक दुरावतात. सर्व रूपे ठेवावीत, तर प्रमाण शब्दाला अर्थ राहत नाही. मराठीच्या प्रमाणीकरणात हा पेच पुण्याच्या बाजूने सहजी सुटला, कारण छापखाने, शाळाखाते आणि कोशकार यांचे बळ एकाच बाजूस होते. गोंडीला तसे केंद्र नाही. कचारगड हे केंद्र आहे खरे, पण ते भेटीचे, भाषानियमनाचे नव्हे.

जनगणनेचे आकडे या संदर्भात पाहण्याजोगे आहेत. २००१ साली देशात गोंडीभाषक २७,१३,७९० होते. २०११ साली ते २९,८४,४५३ भरले, आणि गोंड जमातीची एकूण संख्या त्याच जनगणनेत एक कोटीहून पुष्कळ अधिक होती. महाराष्ट्रापुरते पाहिल्यास गोंड जमातीची लोकसंख्या सोळा लाखांच्या घरात, तर गोंडी मातृभाषा सांगणारे साडेचार लाखांच्या आसपास होते. माडियासारख्या बोली वेगळ्या मोजल्या जातात, हे लक्षात घेऊनही अंतर मोठे राहते. त्याच २०११च्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात ‘इतर धर्म’ या सदराखाली गोंड वा गोंडी अशी नोंद करणारे दहा लाखांहून अधिक निघाले. मेळ्याने धर्माच्या रकान्यातील उत्तर बदलले असे म्हणावयास जागा आहे. मातृभाषेचा रकाना त्याच अर्जात, त्याच हाताने भरला जातो, पण तेथे यात्रेस जाणाऱ्या कित्येक घरांत अद्याप मराठी किंवा हिंदीच लिहिले जाते.